सोबत्याची खुर्ची

इंग्लंडमधील फुटबॉल मैदानांची १९६० आणि १९७० च्या दशकांतील छायाचित्रे चाळताना एक दृश्य पुन्हापुन्हा समोर येते. मैदानाची पांढरी सीमारेषा, तिच्या पलीकडे पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे असलेले हजारो प्रेक्षक, आणि रेषा व प्रेक्षक यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात ओळीने उभ्या केलेल्या फिकट निळ्या रंगाच्या, तीन चाकांच्या लहानशा गाड्या. प्रत्येक गाडीच्या काचेआड एकच चेहरा. परिचय नसलेल्या माणसाला त्या मैदानाच्या देखभालीच्या गाड्या वाटाव्यात. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. प्रत्यक्षात ते प्रेक्षक होते. ब्रिटिश सरकारने अपंग नागरिकांना वापरण्यासाठी दिलेल्या या गाड्या, आणि त्यांत बसूनच त्यांचे चालक सामना पाहत असत.

या गाडीचा इतिहास मोठा रोचक आहे. बर्ट ग्रीव्ह्ज या इंग्रज कारागिराने १९४० च्या दशकात डेरी प्रेस्टन-कॉब या आपल्या नात्यातील पक्षाघातग्रस्त भावासाठी एक यांत्रिक गाडी तयार केली. महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या सैनिकांची संख्या मोठी होती; त्यांच्यासाठी सरकारलाही अशाच वाहनाची गरज होती. त्यातून ‘इन्व्हाकार’ ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे अशा गाड्या अन्य कारखान्यांतूनही बनू लागल्या. फायबरचे कवच, पायांऐवजी हातांनी चालवता येईल अशी रचना, आणि सगळ्यांना ओळखू येणारा तो ‘सरकारी’ निळा रंग. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचे एकच वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे: या गाडीत आसन एकच होते. शेजारी घडी केलेली व्हीलचेअर मावेल एवढी जागा असे. माणूस बसेल अशी नसे, आणि तसा तो बसवण्यास मुभाही नव्हती. नवरा निळ्या गाडीतून पुढे आणि बायकामुले बसने मागून, असे कुटुंबाच्या सहलीचे स्वरूप होई. अपंग चालकांच्या संघटनांची या गाडीविषयीची मोठी तक्रार तिच्या अस्थिरतेबद्दल होती हे खरे (वारा सुटला की ती हेलकावे खाई), परंतु एकटेपणाची तक्रार तेवढीच जुनी आहे.

सरकारच्या लेखी ही गाडी म्हणजे कृत्रिम पाय किंवा कुबडी यांच्यासारखे एक साधन होते. साधन ज्याचे त्याला मिळते. कुबडीवर कोणी पाहुणा बसवत नाही. या दृष्टीने पाहिले तर एक आसन हा निष्काळजीपणा ठरत नाही, ते त्या विचाराचे तर्कशुद्ध टोक ठरते. अपंग माणूस हा एक व्यक्ती, त्याच्या हालचालीची उणीव भरून काढली की शासनाचे कर्तव्य संपले. त्याला कोणाबरोबर कोठे जावेसे वाटते हा प्रश्न त्या हिशेबात बसतच नव्हता. १९७४ च्या लेडी शार्प यांच्या अहवालाने या तीनचाकी गाड्या मोडीत काढण्याची शिफारस केली, १९७६ मध्ये गाडीऐवजी रोख प्रवासभत्ता सुरू झाला, १९७७ मध्ये त्या भत्त्यातून साधी चारचाकी मोटार भाड्याने मिळवून देणारी ‘मोटॅबिलिटी’ ही योजना आली. उरल्यासुरल्या निळ्या गाड्यांना रस्त्यावर येण्याची अखेरची बंदी झाली ती ३१ मार्च २००३ रोजी.

सामन्याला जाणाऱ्या अपंग प्रेक्षकाबरोबरच्या माणसाला विनामूल्य तिकीट देण्याची पद्धत आज युरोपातील बहुतेक मोठ्या मैदानांवर रुळलेली आहे. तिच्याविषयी लिहिताना आम्ही या एकआसनी गाडीपासून सुरुवात केली, त्याचे कारण एवढेच की दुसऱ्या खुर्चीचा इतिहास पहिल्या खुर्चीच्या एकटेपणातून सुरू होतो. सीमारेषेवरच्या त्या जागा बहुतांशी क्लबच्या मर्जीने मिळत. प्रवेश पुष्कळदा फुकट असे. डोक्यावर छप्पर नसे, चेंडू अंगावर येण्याची धास्ती असे, आणि मैदानाच्या पातळीवरून दिसणारा खेळ हा जवळच्या पायांचाच अधिक असे. पण जागा फुकट होती, त्यामुळे तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरे. फुकट मिळालेल्या गोष्टीविषयी बोलण्याची भाषा ही आभाराचीच असते. हक्काची भाषा यायला अजून बराच अवकाश होता.

येथे थोडे मागे जाऊन एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. एक तर तो आमच्या आवडीचा आहे, आणि दुसरे म्हणजे सोबत कोण कोणाला करतो या प्रश्नाची त्यात अनपेक्षित उलटापालट आहे. १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकेनहॅम येथे इंग्लंड आणि वेल्स यांच्यात रग्बीचा सामना झाला. त्याचे बीबीसीने नभोवाणीवर थेट वर्णन केले. ब्रिटनमधील खेळाच्या थेट समालोचनाचा आरंभ येथून मानला जातो. वर्णन करणारे होते कॅप्टन वेकलॅम. न दिसणाऱ्या श्रोत्यांशी यंत्रासमोर बसून बोलायचे कसे, याचा नमुना कोणापाशीच नव्हता. तेव्हा निर्माते लान्स सिव्हकिंग यांनी एक युक्ती केली. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था स्थापन केली होती (पिअरसन हे स्वतः वृत्तपत्रमालक, आणि काचबिंदूने अंध झालेले). त्या संस्थेतील एका अंध रग्बीप्रेमीला समालोचकाच्या खोलीसमोर बसवण्यात आले, आणि वेकलॅम यांना सांगण्यात आले की, यंत्राला विसरा, या गृहस्थांना खेळ सांगा. पुढच्याच आठवड्यात, २२ जानेवारीला, हायबरी येथील आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा फुटबॉलचा सामना याच रीतीने नभोवाणीवर गेला.

म्हणजे समालोचन ही जी कला आज डोळस माणसेही कानाला यंत्र लावून ऐकतात, तिचा पहिला श्रोता मैदानावर बसलेला एक अंध प्रेक्षक होता. मदत कोण कोणाला करत होते? त्याला खेळ कळावा म्हणून वेकलॅम बोलत होते, हे खरे. पण तो समोर नसता तर वेकलॅम यांना बोलताच आले नसते, हेही तितकेच खरे. आमच्या मते सोबत्याच्या तिकिटाविषयीच्या सगळ्या नियमावल्यांत जी गोष्ट सुटते ती हीच. त्या गृहीत धरतात की मदतीची दिशा एकच असते.

समालोचनाचा विषय निघाला की आपल्याकडे संजयाचा दाखला हमखास दिला जातो. महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांत तर त्याला जगातील पहिला समालोचक म्हणण्याची प्रथाच पडून गेली आहे. ही तुलना महाभारताच्या पाठाला मुळीच धरून नाही. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास धृतराष्ट्रालाच दृष्टी देऊ करतात. आप्तांचा वध पाहण्याची इच्छा नाही, सविस्तर ऐकण्याची आहे, असे सांगून तो ती नाकारतो, आणि मग ती संजयाला मिळते. शिवाय संजय राजवाड्यात बसून क्षणाक्षणाचे वर्णन करत नाही. तो रणभूमीवरून परततो, भीष्म पडल्याची वार्ता आधी सांगतो, आणि मग मागे जाऊन दहा दिवसांची हकीकत उलगडतो. तुलना करायचीच तर ती वेगळ्या मुद्द्यावर करावी. धृतराष्ट्राला काय हवे आणि काय नको, हे त्याला विचारले गेले आणि त्याने ठरवले. महाकाव्याने अंध राजाला दिलेली ही निवड पुढे विसाव्या शतकातील तिकीट-खिडक्यांना सुचायला फार काळ लागला.

असो. मैदानांकडे परत येऊ. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर जी चेंगराचेंगरी झाली, तीत बळी गेलेल्यांची संख्या, नंतरच्या वर्षांत दगावलेले जखमी धरून, ९७ आहे. न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला, आणि त्यानुसार वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना १९९४ पर्यंत उभ्या प्रेक्षकांच्या पायऱ्या काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्या लागल्या. प्रत्येक प्रेक्षकाला क्रमांकाची खुर्ची, हे तत्त्व येथून आले. अपंगांचा विचार त्या अहवालाच्या केंद्रस्थानी नव्हता. तरीही त्याचा मोठा परिणाम त्यांच्यावर झाला. गर्दीत किंवा सीमारेषेवर कोठेतरी ‘सामावून घेणे’ शक्य असते. क्रमांकांच्या जगात मात्र जागा एक तर आराखड्यात असते किंवा नसते. नव्या आराखड्यांत व्हीलचेअरच्या जागा आखाव्या लागल्या, आणि त्या आखताच दुसरा प्रश्न उभा राहिला: बरोबरचा माणूस कोठे बसणार? कित्येक ठिकाणी उत्तर असे निघाले की, मागे. व्हीलचेअरची रांग पुढे, मदतनिसांची रांग तिच्या पाठीशी. दीड तास एकमेकांचा चेहरा दिसत नाही, गोल झाल्यावर हात धरायला हात नाही. पण कागदोपत्री सोबत आहे. रुग्णालयातील खाट आणि तिच्या मागची नातेवाइकांची खुर्ची, अशीच ती मांडणी.

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावास मनाई करणारा कायदा झाला. सेवा पुरवणाऱ्यांनी आपल्या पद्धतींत ‘वाजवी फेरबदल’ करावेत हे बंधन १९९९ पासून लागू झाले, आणि इमारतींच्या भौतिक अडथळ्यांविषयीचे २००४ पासून. मधल्या काळात, १९९८ मध्ये, अपंग फुटबॉलप्रेमींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज ती ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ या नावाने ओळखली जाते. २००३ मध्ये मैदानांच्या सुगम रचनेविषयीची मार्गदर्शिका आली. २०१० मध्ये समानतेच्या एकत्रित कायद्याने १९९५ च्या कायद्याची जागा घेतली. हा सगळा क्रम भराभर सांगून टाकण्यासारखाच आहे. मौज पुढे आहे.

‘सोबत्याला फुकट तिकीट द्या’ असे या कायद्यांत कोठेही म्हटलेले नाही. हे तिकीट कायद्याच्या वाचनातून निर्माण झाले आहे, त्याच्या शब्दांतून थेट आलेले नाही; साहित्याच्या अभ्यासकांनी कान टवकारावेत अशी ही गोष्ट आहे. वाचन असे: एखाद्या प्रेक्षकाला मदतीशिवाय सामना पाहता येत नसेल, तर मदतनिसाला आत येऊ देणे हा वाजवी फेरबदल होय. २०१० च्या कायद्याच्या विसाव्या कलमात असेही म्हटले आहे की, अशा फेरबदलाचा खर्च सेवा पुरवणाऱ्याला अपंग व्यक्तीकडून वसूल करता येणार नाही. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवली की निष्कर्ष निघतो: दुसऱ्या खुर्चीचे पैसे मागणे म्हणजे त्याच सामन्यासाठी एका माणसाकडून दुप्पट दर घेणे. सोबत्याचे तिकीट ही सोबत्याला दिलेली सवलत नाहीच, ती अपंग प्रेक्षकाच्या एकाच तिकिटाची खरी किंमत आहे.

यात एक बारकावा आहे, आणि आमच्या समजुतीने सगळ्या विषयाचे मर्म त्यात आहे. जुन्या मर्जीच्या काळात काही क्लबांत उलटी रीत होती: अपंग प्रेक्षकाला प्रवेश फुकट, आणि त्याच्याबरोबरच्या माणसाने तिकीट काढायचे. नवी रीत अशी की अपंग प्रेक्षकाने आपले तिकीट पूर्ण दराने (किंवा त्याच्या वयोगटाच्या दराने) घ्यायचे, आणि सोबत्याचे तिकीट विनामूल्य. अंकगणित दोन्हींकडे एकच: दोन माणसे, एक किंमत. गल्ल्यात पडणारे पैसे तेवढेच. मग एवढा वाद कशासाठी? व्याकरणासाठी, असे आम्ही म्हणू. पहिल्या वाक्यात कर्ता सोबती आहे. तो तिकीट काढतो आणि अपंग माणसाला ‘घेऊन’ येतो. दुसऱ्या वाक्यात कर्ता अपंग प्रेक्षक आहे. तो येतो आणि बरोबर कोणाला आणायचे ते ठरवतो. ज्याच्या नावावर तिकीट, त्याला जागा बदलून मागता येते, सामना रद्द झाला तर परतावा मागता येतो, हंगामाचे तिकीट नूतन करता येते, आणि खांब आड येतो म्हणून तक्रारही करता येते. फुकट आलेल्याला यांपैकी काहीच शोभत नाही. म्हणूनच या चळवळीतील पुष्कळ लोकांनी स्वतः पैसे भरण्याचा आग्रह धरला, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याला विचित्र वाटली तरी आतून पूर्णपणे सुसंगत आहे.

ब्रिटनमध्येही हे सारे सुरळीत झाले असे समजण्याचे कारण नाही. २०१४ मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत प्रीमियर लीगमधील २० पैकी १७ क्लबांनी व्हीलचेअरच्या पुरेशा जागा ठेवलेल्या नव्हत्या. जगातील अत्यंत श्रीमंत क्रीडास्पर्धांपैकी ही एक. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये क्लबांनी वचन दिले की ऑगस्ट २०१७ पर्यंत मार्गदर्शिकेची पूर्तता करू. मुदत उलटली तेव्हाही काही क्लब मागेच होते. जेथे पहिल्या खुर्चीचीच वानवा, तेथे दुसरीचा दर काय ही चर्चा जरा हवेतलीच ठरते.

कर्ता कोण हा प्रश्न केवळ आमचा पंतोजीपणा नाही, याचे उत्तम उदाहरण जर्मनीत सापडते. तेथे तीव्र अपंगत्व असलेल्या नागरिकाला सरकारी ओळखपत्र मिळते, आणि ज्याला प्रवासात सोबत लागते त्याच्या पत्रावर ‘बी’ हे अक्षर असते. ‘बेग्लाइटपेर्सोन’ म्हणजे बरोबर चालणारी व्यक्ती, तिचे ते आद्याक्षर. या अक्षरामुळे सोबत्याला सार्वजनिक वाहतुकीत विनामूल्य प्रवास करता येतो, आणि बुंडेसलिगातील क्लबही सोबत्याचे तिकीट देताना सामान्यतः हेच अक्षर पाहतात. पूर्वी या पत्रावर जे वाक्य छापलेले असे त्याचा आशय होता: ‘कायम सोबतीची आवश्यकता सिद्ध झाली आहे’. वाक्य निरुपद्रवी दिसते. ते ज्याने लिहिले त्याच्या मनात सवलत द्यावी एवढेच असणार. परंतु पोहण्याच्या तलावांवर आणि अशाच इतर ठिकाणी दारावरच्या माणसांनी ते वेगळ्या रीतीने वाचले. तुमच्या पत्रावर लिहिले आहे की तुम्हाला कायम सोबत आवश्यक. तुम्ही तर एकटेच आलेले दिसता. तेव्हा तुम्हाला आत सोडता येणार नाही. सवलतीचे पत्र मनाईचे पत्र झाले, आणि तेही एक शब्द न बदलता.

२००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ‘आवश्यकता’ या शब्दाच्या जागी ‘अधिकार’ हा शब्द आला: सोबतीला व्यक्ती घेऊन जाण्याचा अधिकार सिद्ध झाला आहे. एवढ्यावर न थांबता कायद्याने पुढे एक वाक्य जोडले. ही नोंद असण्याचा अर्थ, ती व्यक्ती सोबतीविना असताना स्वतःला किंवा इतरांना धोकादायक ठरते, असा होत नाही. कायद्याच्या संहितेत असे स्पष्टीकरण द्यावे लागते याचा अर्थ कोणीतरी नेमके तसे म्हणत होते. आम्ही वर्गात शब्दनिवडीविषयी बोलतो तेव्हा उदाहरणे कवितांची देतो. एका शब्दाच्या बदलाने माणूस दाराच्या आत किंवा बाहेर राहतो, असे उदाहरण कवितेत मिळणे कठीण.

अमेरिकेची वाट निराळी आहे. १९९० चा तेथील कायदा किमतीविषयी उदार नाही. सोबत्याने आपले तिकीट विकत घ्यावे अशीच तेथे सर्वसाधारण रीत आहे. त्याचा सारा कटाक्ष शेजारावर आहे. व्हीलचेअरच्या जागेला लागून सोबत्याची खुर्ची हवी, हे १९९१ च्या मानकांतच आले होते. २०१० च्या मानकांनी त्यात अशी भर घातली की, रांगेतील सोबत्याच्या खुर्चीत बसणाऱ्याचा खांदा आणि व्हीलचेअरवर बसलेल्याचा खांदा एका रेषेत यावेत. व्हीलचेअरच्या जागेच्या पुढच्या कडेपासून ३६ इंचांवर तो बिंदू मोजावा, असेही सांगून टाकले. खांद्याला खांदा लावणे हा आपल्याकडे भाषणांत झिजलेला वाक्प्रयोग. तो कोणी फूटपट्टीने मोजून कायद्यात लिहील असे वाटले नव्हते. ब्रिटनमधील त्या पाठीमागच्या रांगेची आठवण ठेवून हे कलम वाचले की त्याचे महत्त्व कळते. याशिवाय २०११ पासून व्हीलचेअरच्या एका जागेबरोबर त्याच रांगेत लागून आणखी तीन तिकिटे घेण्याची सोय झाली. म्हणजे आई व्हीलचेअरवर, आणि शेजारी नवरा व दोन मुले, असे कुटुंब एकत्र बसू शकते. ब्रिटनमधील एका विनामूल्य सोबत्याच्या पद्धतीत हे कुटुंब पुष्कळदा विखुरले जाते. फुकट एक की विकतचे तीन, यांतले बरे कोणते, याविषयी आमच्या मंडळातच मतभेद आहेत, आणि ते मिटावेत असा आमचा आग्रह नाही.

अमेरिकेतील आणखी एका खटल्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. वॉशिंग्टनमध्ये एक मोठे क्रीडागृह बांधले जात असताना पक्षाघातग्रस्त माजी सैनिकांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. मुद्दा असा: व्हीलचेअरच्या जागा आहेत, त्यांवरून खेळही दिसतो, परंतु खेळ ऐन रंगात आला की पुढचे प्रेक्षक उभे राहतात, आणि नेमका तोच क्षण व्हीलचेअरवरच्या माणसाला दिसत नाही. १९९७ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने मान्य केले की जवळजवळ सर्व जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून खेळ दिसला पाहिजे. आता सोबत्याचा विचार करा. जेथे अशी दृष्टिरेषा नाही, तेथे त्या क्षणी शेजारचा सोबतीही उभा राहतो, कारण तोही त्याच संघाचा चाहता असतो. त्याने उभे राहावे की बसावे? उभा राहिला तर सोबत सुटते, बसला तर दोघांनाही गोल दिसत नाही. मग तो उभा राहून सांगतो. संजयाची भूमिका ती हीच, फक्त युद्ध पुढच्या रांगेतल्या पाठींच्या पलीकडे चाललेले असते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००३ मध्ये ‘कम्पॅनियन कार्ड’ सुरू केले, आणि पुढे ते देशभर पसरले. ज्याला आयुष्यभर मोठ्या मदतीची गरज आहे त्याला हे पत्र मिळते. ते दाखवून तिकीट घेतले की सोबत्याचे तिकीट विनामूल्य. त्यातली आम्हाला भावलेली गोष्ट अशी की, नाव ‘सोबत्याचे पत्र’ असूनही ते सोबत्याला मिळत नाही. त्यावर छायाचित्र अपंग व्यक्तीचे असते. सोबती आज बहीण, उद्या शेजारी, परवा पगारी मदतनीस. पत्राला त्याचे नाव ठाऊक नसते.

अनेक क्लबांच्या अटी मात्र सोबत्याविषयी बरेच काही जाणून घेऊ पाहतात. तो प्रौढ असावा, गरज पडल्यास व्हीलचेअर ढकलण्यास समर्थ असावा, सामनाभर जागा सोडू नये. सुरक्षिततेच्या दृष्टीने यांतल्या काही अटी समजण्यासारख्या आहेत. आग लागली तर बाहेर कोण काढणार, हा प्रश्न खोटा नाही. पण त्यामुळे दोन अपंग मित्र एकमेकांचे सोबती होऊ शकत नाहीत. आपल्याकडे सांख्यांनी प्रकृती आणि पुरुष यांच्या संयोगासाठी अंध आणि पंगू यांचा दृष्टांत दिला: एकाच्या खांद्यावर दुसरा, एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे, आणि दोघेही वाट काढतात. ही जोडी आज मैदानाच्या फाटकावर आली तर तिला प्रत्येकी एक असे आणखी दोन सोबती आणायला सांगतील.

मराठीत या दुसऱ्या माणसाला नेमके काय म्हणावे, याचाही विचार करायला हवा. सरकारी परिपत्रके ‘मदतनीस’ किंवा ‘साथीदार’ म्हणतात. ‘काळजीवाहू’ हा शब्द आता सरकारांना लावून लावून निकामी झाला आहे. आम्ही येथे ‘सोबती’ हा शब्द वापरला. अरबी ‘सुहबत’पासून आलेला हा शब्द मदतीविषयी काही बोलत नाही, तो फक्त बरोबर असण्याविषयी बोलतो. पहिल्या माणसासाठी ‘अपंग’ हा शब्द वापरल्याबद्दलही कोणी हरकत घेईल. २०१५ च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी वापरात आला आहे, आणि महाराष्ट्रात २०२२ पासून त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे. गौरवाचा शब्द देऊन खुर्ची न देणे हे सोपे असते, एवढे म्हणून आम्ही तो वाद येथे सोडतो.

आपल्या परंपरेत सोबत्याची सर्वांत लाडकी गोष्ट श्रावणबाळाची. अंध आईवडिलांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेणारा मुलगा. लहानपणी ती आम्हीही गहिवरून ऐकली. आज वाचताना जाणवते की कथेत चालतो श्रावण, थकतो श्रावण, मरतो श्रावण. यात्रा मात्र आईवडिलांची होती. त्यांनी कोणते तीर्थ मागितले, वाटेत त्यांना काय वाटले, कोठे थांबावेसे वाटले, याविषयी कथा फार बोलत नाही. ती सोबत्याच्या पुण्याची कथा आहे. ज्याला जायचे होते तो तिच्यात कावडीतले वजन आहे. सोबत्याला सवलत दिली की त्याच्या सेवाभावाचा गौरव झाला, अशी जी भावना आपल्याकडे सहज उमटते, तिचे मूळ आम्हाला येथे दिसते.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कांचा करार २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या तिसाव्या कलमात मनोरंजन, फावला वेळ आणि खेळ यांत सहभागी होण्याचा, खेळांच्या ठिकाणी प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. २०१६ च्या आपल्या कायद्यातही संस्कृती, मनोरंजन आणि क्रीडा यांवर कलमे आहेत. क्रीडेचे कलम मुख्यतः खेळणाऱ्याचा विचार करते. स्टेडियममध्ये बसून पाहणाऱ्याच्या सोबत्याचे तिकीट हा विषय त्या कायद्यात स्वतंत्रपणे येत नाही. मात्र दुसऱ्या माणसाची कल्पना आपल्याला अपरिचित आहे असे नाही. रेल्वेने ती फार पूर्वीपासून मानली आहे, आणि द्वितीय श्रेणीत वा शयनयानात अपंग प्रवाशाला जी ७५ टक्के सवलत मिळते तीच त्याच्या एका सोबत्यालाही मिळते.

त्या सवलतींचा तक्ता आम्ही अलीकडे जर्मन ओळखपत्राच्या संदर्भात पुन्हा वाचला. अंध प्रवाशांच्या नोंदीत ‘एकट्याने किंवा सोबत्यासह प्रवास करणारे’ असे शब्द आहेत. हातापायांच्या अपंगत्वाची नोंद त्याच तक्त्यात आहे. सवलत तीच, टक्केवारी तीच. वर्णन मात्र असे: ‘सोबत्याच्या मदतीशिवाय प्रवास करू न शकणारे’.